फ्लेक्सवरच्यांची ड्यूटी

मुलुंड (पूर्व)
२ एप्रिल २०२५

चि. शीतल हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्रास कारण माझा डबा. स्टीलचा, तीन कप्प्यांचा, झाकणावर माझं नाव कोरलेला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी त्यातून तुमच्याकडे खीर-पुरी आणली, आणि तेव्हापासून तो बोरीवलीत स्थायिक झाला आहे. चौतीस वर्षं पालिकेच्या दवाखान्यात मी वॉर्डातला थर्मामीटर हरवू दिला नाही, आणि आज माझी भाजी आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यात राहते. घरी येणारा प्रत्येक माणूस तो आशेने उघडतो आणि आत दुधी बघून माझ्याकडे बघतो. एका निवृत्त सिस्टर-इन्चार्जवर ही वेळ यावी, याचा विचार तू कर.

आता दुय्यम विषय. मेलबर्नच्या कॉलेजात तुला सीट मिळाली, हे वाचून मी शेजारणीला उगाचच चहा पाजला. दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांना दोन वर्षांत नर्स करून देतात म्हणे. आम्हाला साडेतीन लागली होती, त्यातलं पहिलं वर्ष चादरीचे कोपरे दुमडण्यात गेलं. तू मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, लॅबमध्ये पंधरा वर्षं काढलेली, तेव्हा कोपरे लवकर जमतील असं त्यांना वाटत असावं.

वर्ग जुलैअखेर सुरू होतात. दादाला कधी सांगणार आहेस? झटक्याने तुझ्या बापाची उजवी बाजू गेली, कान शाबूत आहेत. आणि माझ्यावर भिस्त ठेवू नकोस. माझे गुडघे मलाच कसेबसे उचलतात, ते दादाला उचलणार नाहीत.

फोन करू नकोस. माझ्या कानातल्या मशीनमध्ये तुझा आवाज शिट्टी होऊन येतो, आणि तुझा फोन दिवसभर दादाच्याच हातात असतो. खालच्या पेटीत पडलेलं पत्र त्याला दिसत नाही.

लोभ असावा. तो नसला तर निदान डबा असावा.
तुझी आत्या,
कमल


बोरीवली (पूर्व)
८ एप्रिल २०२५

ती. कमलआत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

आरोपीचं म्हणणं असं की डबा गहाळ नाही, गॅसच्या वरच्या फळीवर सुखरूप आहे. डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याच घराण्याची रीत. म्हणून भरायला काहीतरी करायला घेते, तेवढ्यात अण्णांचा चमचा ग्लासावर वाजतो. एकदा शेंगदाणे जळले, एकदा बेसन. त्यानंतर मी डब्याकडे बघणं बंद केलं.

दोन वर्षं झाली, अण्णा माझ्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत. दोन आया ठेवून पाहिल्या. पहिली त्यांना आजोबा म्हणाली म्हणून गेली, दुसरी काहीच म्हणाली नाही म्हणून गेली. लॅबची नोकरी मी ‘थोडे दिवस’ म्हणून सोडली होती. ते थोडे दिवस अजून चालू आहेत.

गंमत सांगते. जितकी जाण्याची तयारी करते, तितकी मी इथे घट्ट बसते. पेशंट पलंगावर असताना चादर कशी बदलायची ते शिकले आणि अण्णांवर करून पाहिलं. ते इतके खूश, म्हणाले की आता तुझा हात बसला, आता कसलीच काळजी नाही. प्रथमोपचाराचा कोर्स केला, तर सोसायटीने माझा नंबर लिफ्टमध्ये चिकटवला, ॲम्ब्युलन्सच्या वर. सकाळी बीपी मोजायला दारात माणसं. वरच्या मजल्यावरचे विद्याधर, बँकेतून निवृत्त आणि सोसायटीचे सेक्रेटरी, रोज येतात. आकडा आवडला नाही तर दुसऱ्या हाताचा मागतात.

अभ्यास मी खिडकीच्या ग्रिलमध्ये बसून करते. कोरफड, पोछ्याची बादली आणि मी. खालून बघणाऱ्याला वाटत असेल, हिला वाळत घातलंय.

भाऊ म्हणून सम्यकला सांगितलं. त्याने सांताक्रूझहून अंगठा पाठवला, मग हृदय. अण्णांना ठेवून घेशील का विचारलं तर त्याच्या बायकोने, तेजलने कळवलं की त्यांचा पलंग स्टोरेजचा आहे, अण्णांना उंच पडेल.

कॉलेजला समाजातल्या प्रतिष्ठित व्यक्तीचं शिफारसपत्र हवं होतं. विहाराचे अध्यक्ष भीमराजकाका यांच्याकडून घेतलं. आधारची झेरॉक्स दिली आणि एवढ्यात कुणाला सांगू नका म्हटलं. त्यांनी छातीवर हात ठेवला.

तू इथे येऊन राहिलीस तर, असं मी लिहिणार नव्हते. लिहिलं.

माया आहेच, ती पत्रातून पाठवत राहा.
तुझी,
शीतल


मुलुंड
१२ एप्रिल २०२५

चि. शीतल हिस,
आशीर्वाद, जयभीम.

नाही. एका शब्दात लिहिलं की पुन्हा विचारायला सोपं जात नाही.

रागावू नकोस, कारण ऐक. मला नर्सिंगला पाठवायला आमचे वडील तयार नव्हते. दादा त्यांच्याशी भांडला, दोन दिवस जेवला नाही, आणि मी गेले. हे मी आयुष्यभर सांगत आले. पण माझी घरातली कामं दादाने केली नाहीत, आईने केली. पाणी भरणं, धाकट्यांचं बघणं, आजारी आजीचं सगळं. मी टोपी घालून फोटो काढला तेव्हा आई फोटोत नव्हती, ती घरी होती. एका बाईला सोडवायला दुसरी बाई बांधायची, ही आपल्याकडची सोय मला चांगली ठाऊक आहे. तिचा फायदा मी घेतलाय, म्हणून तिची किंमतही मला कळते. तू सुटावीस हे मला हवंच आहे, फक्त तुझ्या जागी मी नको.

जयंतीचा दिवस होऊ दे, मग दादाला सांग. तोंडाने सांग.

तुझी आत्या,
कमल

ता. क. – डबा रिकामा पाठवलास तरी मी कुणाला सांगणार नाही. सांगेन, पण उशिरा.


बोरीवली
१६ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

भीमराजकाकांनी शब्द पाळला. त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नाही. त्यांनी फ्लेक्स लावला.

जयंतीच्या सकाळी, सोसायटीच्या गेटसमोर, दुमजली उंचीचा. मधोमध माझा आधार कार्डावरचा फोटो, पोलिसांनी शोध जारी केल्यासारखा. वर लिहिलंय, आंतरराष्ट्रीय परिचारिका कु. शीतल शिवदास यांची ऑस्ट्रेलिया येथे उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक म्हणून नऊ पुरुष, पांढऱ्या शर्टात, चार जणांना काळे चष्मे. काकांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा आहे. विद्याधरही आहेत, सोसायटीतर्फे. आणि नववा, उजव्या कोपऱ्यात हात जोडून, आपला सम्यक.

अण्णांना मिरवणूक दाखवायला व्हीलचेअरवरून खाली मीच आणलं होतं. त्यांनी फ्लेक्स मोठ्याने वाचला, शुभेच्छुकांच्या नावांसकट. मग म्हणाले, वर चल.

तेव्हापासून बोलत नाहीत. दाढी करू देत नाहीत. चमचाही वाजवत नाहीत, आणि तो वाजत नाही म्हणून मला झोप नाही. काल एकदाच विचारलं, की तिकडे जाऊन कुणाच्या बापाला पुसणार आहेस. आत्या, मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही.

इकडे लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, सगळीकडे अभिनंदन. बुद्धपौर्णिमेला विहारात सत्कार ठेवलाय. गेले तर अण्णांना टाकून गेलेली, राहिले तर फ्लेक्सवरून उतरलेली. घरातून निघायला एकच दार आहे आणि त्याच्यासमोर तो फ्लेक्स.

सीट नको असा मेल कॉलेजला लिहून ठेवलाय. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे, तेव्हा पाठवीन. एकेचाळीसाव्या वर्षी शाळेत जायचा हट्ट पुरे झाला.

तुझी,
शीतल


मुलुंड
२१ एप्रिल २०२५

चि. शीतल हिस,
आशीर्वाद.

मेल पाठवायचा नाही. लिहिलाच आहेस तर असू दे, इंग्रजीचा सराव झाला.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर तुला आलं नाही, कारण तू अजून नर्स नाहीस. मी देते. ती दुसऱ्याच्या बापाला पुसेल, अंगावर युनिफॉर्म घालून, पगार घेऊन, आणि ड्यूटी संपली की घरी जाईल. घरात तुला यातलं काहीच मिळत नाही, ड्यूटी संपणं तर नाहीच. हे त्याला वाचून दाखव. माझ्या नावावर खपव.

आता काम. फ्लेक्सचा मोठा फोटो छापून मला पाठव. नऊही जणांची नावं, कोण निवृत्त, कुणाला कधी वेळ असतो, कुणाची पाठ धरते, सगळं लिही. चाळीस पोरींच्या पाळ्या-सुट्ट्या मी लावत असे, आणि त्यांतल्या तीस जणींच्या घरी एकाच तारखेला लग्न असायचं. नऊ शुभेच्छुक मला जड नाहीत.

भीमराजला निरोप दे की सत्काराच्या वेळी कमलताईंना दोन मिनिटं माईक हवा आहे.

तुझी आत्या,
कमल


बोरीवली
२५ मे २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

सत्काराला तू बोललीस, स्टेजवरून खाली उतरलीस, खीर खाल्लीस आणि मुलुंडची बस पकडलीस. मागे जे झालं ते मला निस्तरावं लागलं, म्हणून कळवते.

त्या दिवशी आधी तू आभार मानू लागलीस, तेव्हा काका मान डोलवत होते. मग तू म्हणालीस की शुभेच्छा म्हणजे नुसता फोटो नव्हे, हे या नऊ जणांना वेगळं सांगायला नको, आणि पर्समधून पाळ्यांचा कागद काढलास. सोमवारी सकाळी भीमराज, दाढी आणि अंघोळ. रोज दुपारी विद्याधर, जेवण आणि औषध. रविवार पूर्ण दिवस सम्यक. बाकीच्या सकाळी आणि सगळ्या रात्री उरलेले सहा जण, आळीपाळीने. एकेक नाव वाचलं की टाळ्या पडत होत्या, त्यामुळे कुणाला नाही म्हणायला फटच मिळाली नाही. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्या बायका वाजवत होत्या.

सोमवारी काका नवा टॉवेल घेऊन आले. अण्णांची महिन्याची दाढी. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. काका पलंगाच्या कडेला बसले. म्हणाले की शिवदासराव, बायकोने सांगितलंय, दाढी केल्याशिवाय घरी यायचं नाही. अण्णा हसले. ज्या बाजूने हसता येतं त्या बाजूने. मग काकांनी हनुवटीला कापलं आणि अण्णांनी शिवी दिली. झटक्यानंतर इतकी स्वच्छ शिवी पहिल्यांदाच. मी ग्रिलमध्ये पाठ करून उभी होते. मध्ये जायला पाय उचलला होता, तो खाली ठेवला.

विद्याधर पहिल्या दिवशी बेडपॅन बघून खाली बसले, त्यांचंच बीपी घ्यावं लागलं. आता भरवणं झालं की पेपर वाचून दाखवतात. अण्णांना अग्रलेख पटत नाही, विद्याधरांना अण्णा पटत नाहीत. दुपार निघते. सम्यकने पहिल्या रविवारी चादर बदलली ती अण्णांसकट गुंडाळली. पण आला.

मेल पाठवला नाही. कर्ज मंजूर झालं, व्हिसाचं चालू आहे. अण्णा माझ्या जाण्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. तुझं उत्तर वाचून दाखवलं, तर म्हणाले की कमलला लहानपणापासून तोंड आहे. एवढंच. मला मात्र रात्रंदिवस हीच भीती, की फ्लेक्स उतरला की ही माणसंही उतरतील, आणि तेव्हा मी सातासमुद्रापलीकडे चादरीचे कोपरे दुमडत असेन.

तुझी,
शीतल


मुलुंड
३१ मे २०२५

चि. शीतल हिस,
आशीर्वाद.

फ्लेक्स उतरवायचा नाही. उन्हाने उडाला की नवा लावायचा, आणि जो पाळी चुकवेल त्याचा फोटो त्यावर नसेल. हे मी भीमराजला कळवलंय. तो हसला नाही, म्हणजे समजला. महिन्यातून एकदा मी राउंडला येईन. राहायला नाही, राउंडला. दोन्हींत फरक आहे.

तरीही काही माणसं गळतील. वॉर्डातही गळायची. तू तेवढ्यासाठी परत यायचं नाहीस, हे आत्ताच कागदावर सांगून ठेवते.

डब्याबद्दल मी काही लिहीत नाही, याची नोंद घे.

तुझी आत्या,
कमल


बोरीवली
१७ जुलै २०२५

ती. कमलआत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

उद्या रात्री विमान आहे. बॅग दारापाशी उभी आहे आणि तिला वळसा घालूनच सगळे अण्णांकडे जातात. पाळी चुकवून एक शुभेच्छुक गळाला. बाकी आठ अजून येतात.

काल चमचा वाजला. मी सवयीने उठले, तर विद्याधर आधीच पोचले होते. मी खोलीच्या मध्ये उभी राहिले. बसावं की जावं कळेना. दोन वर्षं या घरातून सुटायची वाट बघितली, आणि आता घरात मला काम नाही, तर हात कुठे ठेवावेत समजत नाही.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, तिथे हजेरी घेतात का. घेतात म्हटलं. मग म्हणाले, पहिल्या दिवशी उशिरा जाऊ नकोस. आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर मी बऱ्याच वेळा त्यांची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

आज सकाळी त्यांनी खलबत्ता मागितला. काकांनी खल धरला, अण्णांनी डाव्या हाताने कुटलं. थोडं खलात, थोडं काकांच्या पांढऱ्या शर्टावर. लसूण-शेंगदाण्याची चटणी झाली. वरच्या कप्प्यात ती आहे, खालच्या दोनांत मी केलेले बेसनाचे लाडू. या वेळी बेसन जळलं नाही, मध्ये कुणी बोलावलं नाही.

डबा सम्यक रविवारी पाळी संपली की मुलुंडला आणून देईल. नाव कोरलेली बाजू घासून घेतली आहे. चटणीत मीठ जास्त झालंय, अण्णांना सांगू नकोस.

तुझी,
शीतल