समुद्राचा वास

प्रिय दादा,

तेलविहिरींच्या आसपास सापडणाऱ्या माशांच्या यकृतात तेलाचे अंश आढळतात, हे काल माशांवर संशोधन करणाऱ्या एका बाईंनी मला फोनवर पक्कं सांगितलं. त्यावरची बातमी लिहिली, वेळेत पाठवली. बातमीत तुझं नाव नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलो.

तू भरसमुद्रात तेलाच्या रिगवर वेल्डर होतास. सुट्टीला गावी, हट्ट्याला आलास की पिशवीत खारवलेला मासा. रिगच्या खांबांपाशी गळ टाकून तुम्हीच धरलेला. तव्यावर पडला की घरभर रॉकेलचा वास! मी नाक दाबलं की माय म्हणायची, "समुद्राचा वास हाय तो. तुला धरणातल्या रोहूची सवय. तुला काय कळतंय?"

वहिनी म्हणायची, "स्टो कशाला पेटवायचा? माशालाच काडी लावा की!"

शेजारच्या रहीमचाचांनी तुकडा हुंगला आणि निकाल दिला, "बराबर हाय. दर्याचाच वास."

आमच्यापैकी समुद्र पाहिला होता कुणी? तू तर तिथंच राहायचास ना? मग हसून गप्प काहून बसलास, दादा? की तुलाही तसंच वाटायचं?

पुढं तुझी भूक गेली, डोळे पिवळे झाले आणि तू गेलास. त्या माशानंच झालं का, हेही मी बाईंना विचारलं. "आता कुणालाच सांगता येणार नाही," म्हणाल्या. प्रामाणिक उत्तर. पण ते वहिनीपुढं कसं ठेवू? तू कशानं गेलास हे विचारून विचारून ती थकली, माझा संशय सांगायचं टाळून मी.

आता आपली शोभा बाळंतपणाला आलीय. डोहाळे कशाचे लागले असतील? त्याच माशाचे! "काका, मला बाबांचा मासा पायजे. वासासकट." जावई तुझ्याच रिगवर लागलाय. सोमवारी येतोय, पिशवी भरून आणतोय. वहिनीनं मसाला वाटायची तयारीही केलीय. डोहाळे मोडायचे नसतात, म्हणते.

दादा, मी ते मोडणार. सोमवारी वसमतच्या स्टँडवर जाऊन पिशवी तिथंच काढून घेईन. जावई रुसेल. शोभा रडेल, माझ्याशी बोलणार नाही, कदाचित बारशालाही बोलावणार नाही. चालेल. तिच्या पोटात तो घास जाणार नाही, एवढा शब्द तुला देतो.

तुझा धाकटा,
विठू