पोटात गेलेलं पीक

१२ ऑक्टोबर

ती. दादा, वहिनी आणि आईस,
सा. न. वि. वि.

माझ्या पत्रात खुशाली कमी आणि भाषण जास्त, अशी तुम्हा तिघांची एकमुखी तक्रार. म्हणून आज फक्त खुशाली. दादा, तुझ्या पोषण निधीने दिलेल्या बियाण्यातून इथल्या आदिवासी घरांच्या उतारावर नाचणी, उडीद, चवळी, भोपळा, सगळं एकाच वावरात आलं. खत शेणाचं, औषध कसलंच नाही. वस्तीवरची सुईणकाकी म्हणते, उपासमारीने तांबूस झालेले पोरांचे केस यंदा काळे व्हायला लागलेत. हेही भाषण वाटलं, तर आईलाच निवाडा करू दे.

लोभ आटू देऊ नका.
तोफ

२ नोव्हेंबर

चि. तोफेस,
अनेक आशीर्वाद.

वहिनी विचारते, स्वेटर घालतेस की पोरांना देऊन टाकलास? आता कामाचं. तुमच्या वस्तीवरून मोजणीसाठी आमच्या काट्यावर जेमतेम दोन पोती आली. पीक गेलं कुठे, असं निधीच्या समितीने विचारलं. खाल्लं असेल, असं मी म्हणालो. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "खाल्लेलं मोजायचं कसं?" पोषणासाठी दिलेला पैसा पोटात जिरला, असा शेरा पडलाय. पुढच्या हंगामाचं बियाणं थांबेल. पीक काट्यावर यायला हवं, हे वस्तीला समजावून सांग, पण आवाज न चढवता.

आईची माया आणि माझा धाक, दोन्ही आहेतच.
दादा

१९ नोव्हेंबर

चि. तोफेस,
अनेक आशीर्वाद, आणि शाबासकी.

काल गाडीभर पोती आली. समितीने टाळ्या वाजवल्या. महिनाअखेरीच्या बैठकीत पुढच्या बियाण्याला मंजुरी नक्की. पोती गोदामात ठेवून किल्ली मीच सांभाळतोय. तू न भांडता हे केलंस, यावर आईचा मात्र विश्वास बसत नाही.

अशीच शहाणी राहा.
दादा

२१ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईचंच बरोबर आहे. मी काही समजावलं नाही. वस्तीने आग्रह धरला म्हणून तुझं पत्र वाचून दाखवलं. वाटलं, पेटून उठतील. कुणी आवाजही चढवला नाही. सुईणकाकीने एवढंच विचारलं, "आम्ही खाल्लं, ते चुकलं का?"

मग घरोघरच्या धान्याच्या कणग्या तुमच्या गाडीत रिकाम्या झाल्या. दादा, पोषणाची योजना वाचवायला माणसं एका वेळच्या जेवणावर आली आहेत. समिती खूश झाली की पोटभर जेवू, असं पोरांना सांगतात. इतकी शिस्तबद्ध उपासमार तुमच्या अहवालात यश म्हणून शोभून दिसेल. मंजूर झालेलं बियाणं पेरून, उगवून, ताटात येईपर्यंत ही पोरं टाळ्या खाणार का?

मंजुरी जायची तर जाऊ दे, तिच्यासाठी मी नंतर भांडेन. हे पत्र गाडीवाल्याच्या हाती देते आहे. त्याची गाडी रिकामी आहे. अध्यक्षांना खाल्लेलं मोजायचंच असेल, तर काटाही तिच्यात टाक. पोरं इथेच आहेत. पण आधी गोदाम उघड आणि ती पोती आजच्या आज परत धाड.

लोभही पोत्यांबरोबरच येऊ दे.
तोफ