बारशाआधीचं नाव

२ फेब्रुवारी १९५८, रविवार
सगळ्यांच्या आधी आली शेजारची गंगू. तिला निरोप लागत नाही, वासानंच कळतं. कमल सासरहून आली ना काल. माझी नात. पहिलंच बाळंतपण, पोर बारशाआधीच गेली. गंगू म्हणे, "रडू नको बेटी, देव दुसरं लेकरू दी." मागून आल्या त्याही तेच. कमल भिंतीकडं तोंड करून. चहा करता करता माझा गूळ संपला.

४, मंगळवार
दामू खेकसला तिच्यावर. लेक माझा, बाप तिचा. "कितला दिन तोंड पाडी बसशी?" काळीज तुटतं त्याचंही, पण जीभ... जाऊ दे.

५, बुधवार
ओसरीवर मिरच्यांचा ढीग. देठ खुडायला कमलला जवळ बसवलं. विचारलं काहीच नाही. मिरचीपुढं कोण कशानं रडतं, कुणी पुसत नाही. डोळ्यांना धार तिच्या.
"मिरची लागनी, मोठी माय."
"मले बी."
देठ खुडता खुडता म्हणाली, "मी तिले नाव ठेयेल व्हतं."
बारसं झालं नाही त्या लेकराला नाव नाही, आपल्यात असंच. म्हणून कुणी बोलतच नाही तिच्याबद्दल. मी म्हटलं, "सांग ना माय." सांगितलं. इथं लिहीत नाही, तिचं आहे ते. मग दोघी... आणि मी खुळी, त्याच हातानं डोळे पुसले! अशी बोंबलले की कमल हसली. हसली हो! संध्याकाळी भाकर खाल्ली. देवापुढं साखर ठेवली मी.

८, शनिवार
विहीणबाई आणि जावई आले न्यायला, सारंगखेड्याहून गाडी जुंपून. विहीणबाई म्हणाल्या, "आता पोर धाडा." दामू लगेच, गाठोडं बांधा.
मी म्हटलं, "तिले इचारा."
"पोरले काय इचारनं?" विहीणबाई हसल्या.
कमल दारातूनच बोलली. "मन्ही पोरनं नाव घेशात का त्या घरमा?"
"नाव कशानं? बारसं कुठं व्हयनं?" विहीणबाई उठल्याच. पानसुपारी तशीच.
जावई बैल जुंपता जुंपता हळूच माझ्याकडं आले. "काय नाव ठेयेल व्हतं तिनी?"
"मले नका इचारू, जवाईबापू. ती दारमा उभी शे."
बघितलं त्यांनी दाराकडं. एक पाऊल टाकलंही. तेवढ्यात आईची हाक.
गाडी गेली. कमल परत मिरच्यांपाशी. मीही बसले.
गाडीत चढता चढता जावई म्हणालेत, गुरुवारी येतो, एकटाच.