बोलू नका, असं लिहिलेला एप्रन

१४ जुलै

ती. ताईस,

नमस्कार, आणि तो वाकूनच, कारण तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मी तीन महिने लावले. गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? इकडे सगळं ठीक, असं लिहून खोडलं. ते पूर्ण खरं नाही.

आमच्या वॉर्डात औषधं देताना नर्सला कोणीही मध्येच थांबवतं आणि चुका तिथेच होतात. म्हणून मेट्रनबाईंनी मला पिवळाधमक एप्रन दिला. त्यावर ठळक अक्षरांत: 'औषधे देत आहे. बोलू नका.' पहिल्याच दिवशी जो तो थांबून ते वाचू लागला (मोठ्याने), आणि वाचून झाल्यावर हे कशासाठी, असं विचारू लागला. एका पेशंटच्या जावयाने मध्ये बोलल्याबद्दल माफी मागितली. ती बरीच लांबली. डॉक्टरांनी रंग आवडल्याचं सांगितलं. मी इंजेक्शन भरत असताना खुद्द मेट्रनबाई खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काय, आता कोणी त्रास देत नाही ना?" मी नाही म्हटलं. (हे खोटं होतं का, ते अजून ठरवते आहे.)

परवा खिडकीजवळच्या आजोबांना हृदयाची गोळी दिली आणि ती नोंदवणार एवढ्यात आयाबाई धावत आल्या, "सिस्टर, घरून फोन! अर्जंट आहे म्हणे!" परत आले तर नोंद कोरी. म्हणजे गोळी द्यायची राहिली, असं समजून मी दुसरी काढली. आजोबांनी ओठ घट्ट मिटले. मी समजावलं, लाडीगोडी लावली, शेवटी जरा दरडावलंही. गोळी ओठांना टेकली तेव्हा त्यांनी एप्रनकडे बोट दाखवलं.

"अहो आजोबा, काय ते बोला की!"

"बोलू नका लिहिलंय ना. मघाशीच गिळली मी."

दुसरी पोटात गेली असती तर त्यांचे ठोके कुठवर उतरले असते हे मला नीट माहीत आहे, म्हणून लिहीत नाही. मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. आजोबा मलाच धीर देत होते, "घाबरू नकोस पोरी, मी शिस्तीचा माणूस आहे." तीच तर भीती.

तुझी,
धाकटी

ता. क. तो अर्जंट फोन तुझा होता. पडदे निळे घ्यावेत की करडे. मी करडे म्हणाले, पण प्रश्न नीट ऐकलाच नव्हता. औषधांच्या वेळी वॉर्डात फोन करू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. २. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण मग कारण विचारायला तू परत फोन केला असतास.

ता. क. ३. उद्या एप्रनवर खाली एक ओळ शिवून घेणार आहे, 'पेशंटने मात्र बोलावे.'