पुण्याच्या मशीनची वाट

रहिमतपूर, ६ जानेवारी २०२५

चि. राजनंदिनी,
आशीर्वाद. डॉक्टरनं बोलायला बंदी केलीया, म्हनून कागद घेतला. तुझी काकू सध्या लय खूश हाय. माज्या आवाजाच्या पडद्यावर बारकी गाठ निघाली, कॅन्सरची. सांगलीला सहा आठवडे रोज किरनांचा शेक घ्या म्हनत्यात. मी सांगितलं, आमची पुतनी पुण्यात पापनी लवायच्या आत शेक देनारी मशीन बनवती, मी थांबतो. माज्या पलटनीतल्या हिंदुरावाला नि समद्या बाजारालाबी सांगून टाकलंय. सुभेदार मानूस रांगंत कशाला बसंल? कवा येऊ ते कळव.
तुझा,
लालासाहेब तात्या

पुणे, ११ जानेवारी

ती. तात्यांस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार. निघण्याआधी एक ऐका, आमचे सगळे पेशंट उंदीर आहेत. क्षणात किरण दिले तर गाठ मरते आणि आसपासचं चांगलं मांस कमी भाजतं, असं त्यांच्यात दिसलंय. माणसाच्या घशातही तसंच होईल का, हे कळायला वर्षं जातील. तुमची गाठ तेवढी थांबायची नाही. तिला सुभेदाराचा हुद्दा कळत नाही. तुम्ही सांगलीची तारीख परत केलीत, असं काकूंनी रडत सांगितलं. रिपोर्ट मी पाहिले. जुन्या मशीननं बरं होण्यासारखं आहे. सोमवारी जा. रागावलात तरी चालेल, माया तोडू नका.
तुमची,
राजनंदिनी

सांगली, २० फेब्रुवारी

चि. राजनंदिनी,
आशीर्वाद, जरा रागानंच. रोज तोंडावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला जखडत्यात. गाठीचं देव जाने, घसा मात्र सोललाय. पेज गिळताना डोळ्यांत पानी येतं. बाकावर शेजारी जतच्या हरणाबाई असत्यात. तुझ्या उंदरांचं सांगितलं, तवा त्यांना बरं करून काय मिळतंय, असं बाईंनी इचारलं. मी नुसतं घशाकडं बोट दाखवलं. तू तिथं कशापायी बसलीस, ते मला हितं कळलं.
तुझा तात्या

रहिमतपूर, १४ सप्टेंबर

चि. राजनंदिनी,
आशीर्वाद. आवाज आला, दुर्बिनीत गाठ दिसत न्हाई. गावात मात्र पुतनीच्या मशीननं बरा झालो असंच बोलत्यात. कितीबी सांगा, सांगली कुनाला आवडंना. हिंदुरावाचाबी आवाज बसला. आमी बिड्या एकत्रच ओढल्या. गाठ निघाली, तरी गडी माजंच ऐकून तुझ्या मशीनसाठी घरी बसलेला. दंडाला धरून सांगलीला नेला, शेक संपंस्तोवर बाकावर बसून राहिलो. घसा सोलला तसा तो मला रोज शिव्या घालायचा, पन नुसती फुसफुस यायची. काल भरल्या बाजारात लांबूनच घातल्या. शब्दन्शब्द कळला. मी पिशवी खाली ठेवून ऐकत हुबा राहिलो.
तुझ्यावर जीव असलेला,
तात्या