सूनबाईचा घोटा

ता. ४ फेब्रुवारी

चि. बेबीस, अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू हसतेस, म्हणून तर कागद घेतला. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं. अक्षर लागलं नाही तर वर्गातल्या पोरांकडून वाचून घे, त्यांचंही असंच असेल.

काम असं की सूनबाईचा पाय मुरगळला. रोज पहाटे पळायला जाते. काल फुटपाथच्या कडेवरून पाऊल घसरलं, लंगडत घरी आली. माझा लेक, तुझा भाचा, जहाजावर, एप्रिलशिवाय यायचा नाही. या परक्या मुलखात घरात आम्ही दोघी. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. सहा महिने झाले, एकमेकींकडे बघून नुसत्या हसतोय. माझे गाल दुखायला लागले.

तिची अग्निशमन दलाची भरती आहे. लेखी पास झाली. मार्चअखेर पळायचं, शिडी चढायची, खांद्यावर माणूस घेऊन उतरायचं. त्याआधी डॉक्टरीणबाईचा दाखला लागतो. दोन वर्षं पोरगी त्यासाठी मरमर करतेय. मला आधी वाटायचं, कशाला हे आगीशी खेळ. आता वाटतं, एवढी राबतेय तर होऊ दे तिचं. पण कुठं दुखतंय, किती दुखतंय, हे विचारायचं कसं? बोट दाखवलं की मान हलवते. त्यातलं हो कुठलं, नाही कुठलं, देव जाणे.

तू मास्तरीण. मला दुखण्याखुपण्याचे आणि व्यायामाचे इंग्रजी शब्द आपल्या अक्षरात लिहून पाठव. व्याकरण नको, उपदेश नको.

जाताना तुझा भाचा म्हणाला होता, दोघींचं जमलं नाही तर आल्यावर तुला वेगळी खोली बघतो. प्रेमानंच म्हणाला. पण म्हणाला.

तुझ्या नवऱ्याचा खोकला गेला का? माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का

ता. ९ फेब्रुवारी

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर माझ्या पोरांपेक्षा वाईट आहे, पण पोरं इतकं खरं लिहीत नाहीत. खोकला गेला, घोरणं आहे.

शब्द घे. मुरगळणं म्हणजे स्प्रेन. सूज म्हणजे स्वेलिंग. मार बसून काळंनिळं पडलं की ब्रूज. नुसतं खरचटलं तर स्क्रॅच. पोटरीत गोळा आला तर क्रॅम्प. नवा बूट चावून फोड आला की ब्लिस्टर. पडणं फॉल, दाबणं प्रेस. पळण्याआधी अंग गरम करायचं ते वॉर्म-अप, ताणायचं ते स्ट्रेच. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे डझ इट हर्ट, दुखतंय का. भांडी घासताना म्हणत जा, जिभेला वळण लागेल.

उपदेश नको म्हणालीस, तरी एक करतेच, कारण मी तुला ओळखते. आपला बाप मालिशवाला होता, त्याचा हात तुझ्यात उतरलाय, सगळं खरं. पण मुरगळलेला पाय रगडायचा नसतो, बरा होत आलेला वाटला तरी नाही. बर्फ लाव, पाय उंच ठेव. तेलाच्या बाटलीला हात लावू नकोस. बापानं माझा गुडघा बसवला होता तेव्हा मी महिनाभर शाळेत गेले नाही. तू विसरलीस, गुडघा विसरलेला नाही.

खोलीचं मनावर घेऊ नकोस. पोरं बोलून जातात. आशीर्वाद आहेत तसेच राहू देत.

तुझी बेबी

ता. २० फेब्रुवारी

चि. बेबीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तेल मी सोमवारी गरम केलं होतं.

सूज उतरत आली होती. पाऊल टेकवत होती. मला वाटलं, बापासारखं एकदा रगडलं की उद्या पळेल. वाट बघणं मला कधी जमलंय? तिला खुर्चीत बसवलं, पाय मांडीवर घेतला, अंगठे रोवले. तिनं उशी दातात धरली. मी मनात म्हटलं, सोसते पोरगी, शाबास. सकाळी बघते तर घोटा बुटात जाईना, वर काळानिळा.

डॉक्टरीणबाईकडे मीही गेले, पिशवी धरायला. सूनबाई सांगत होती. स्वेलिंग ऐकलं, ब्रूज ऐकलं. आपल्याला येतं तेच परीक्षेत विचारावं तसं मला बरं वाटलं. मग ती म्हणाली फॉल. पुन्हा फॉल. आणि बाहेरच्या जिन्याकडे हात केला, म्हणजे आमच्या घराबाहेरच्या जिन्यावरून पडली.

बेबे, ती पडली नव्हती. पाय सुजल्यापासून त्या जिन्याकडे फिरकली नव्हती. माझ्यावर येऊ नये म्हणून खोटं बोलत होती. आणि मला ते कळतंय हे तिच्या गावीही नाही. मी पिशवी धरून बसले, तोंडात गूळ धरल्यासारखी.

रात्री तुझ्या भाच्याचा फोन आला. त्यालाही तिनं पडले असंच सांगितलंय. तो म्हणाला, डॉक्टरांचं म्हणणं असं की एवढ्यात दोनदा दगा दिलेला पाय कच्चा. असा माणूस शिडीवर चढवायचा नाही. पुढच्या शुक्रवारी शेवटचं बघणार, आणि दाखला बहुतेक नाकारणार.

आता मी काय करू? खरं सांगितलं तर डॉक्टरीणबाईला कळेल की पाय कच्चा नाही, सासू कच्ची आहे. पण मग भाचा आल्यावर खोली बघणार. नाही सांगितलं तर पोरीची दोन वर्षं पाण्यात. लवकर लिही. विचार करायची मला सवय नाही, डोकं चढतं.

तुझ्यावर जीव आहे, तो धरून ठेव.

तुझी अक्का

ता. २६ फेब्रुवारी

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

गप्प बस. एवढंच लिहिणार होते, पण तू एवढ्यानं ऐकणारी नाहीस.

तिनं आपणहून झाकलंय, तू उघडायला जाऊ नकोस. मोडक्या इंग्रजीत सांगशील आणि डॉक्टरीण समजेल, सासूनं सुनेला मारलं. भरती पुढच्या वर्षीही निघेल. या वयात परक्या मुलखात एकट्या खोलीत तुला ताप आला तर पाणी कोण देईल? मला स्वार्थी म्हणायचं तर म्हण. मला बहीण एकच आहे.

शब्द शिकवले ते तिची विचारपूस करायला. स्वतःला फासावर चढवायला नाहीत.

रागावू नकोस, आणि विसरू नकोस.

तुझी बेबी

ता. ५ मार्च

चि. बेबीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शहाणपणाचं आहे. शुक्रवार होऊन गेल्यावर आलं, हे बरं झालं.

डॉक्टरीणबाईनं कागद पुढे ओढला. सूनबाईचं पुन्हा फॉल, फॉल. मला बसवेना. उठले, छातीवर बोट ठेवलं आणि म्हटलं,

“नो फॉल. आय प्रेस. हॉट ऑइल. आय.”

सूनबाई माझा पदर ओढायला लागली. डॉक्टरीणबाईनं काहीतरी लांबलचक विचारलं, ते मला कुठलं कळायला? मग मी तिचाच हात धरला आणि सोमवारी रगडलं होतं तसं मनगटाच्या वर रगडून दाखवलं. ती खुर्चीतून अर्धी उठली. हात सोडवून कितीतरी वेळ चोळत बसली. तिला पटलं.

कागद तिनं फाडला नाही, सहीही केली नाही. आधी पायाला विश्रांती, मग तिच्यासमोर त्या फिरत्या पट्ट्यावर पळायचं, मग ती ठरवणार. भरतीच्या आत होईल की नाही, कुणी सांगावं.

बसमध्ये सूनबाई खिडकीबाहेर बघत राहिली. घरात शिरल्यावर फुटली. मला चपलाही काढू दिल्या नाहीत. त्यातलं थोडंच कळलं. फूट म्हणजे पाऊल ते कळलं, हर्ट कळलं, आणि तुझ्या भाच्याचं नाव. म्हणजे आता त्याला सांगावं लागणार, तेच जे तिला नको होतं. मी काय सोडते? मराठीत सुरू झाले. दुखत होतं तर उशी कशाला चावलीस, बोंब मारायची होतीस, मी काय वाघीण आहे का? वरचा शेजारी जिन्यात येऊन बघून गेला. शेवटी ती रडली. मी नाही रडले, माझं नाक वाहत होतं.

भाच्याला तिनंच सगळं सांगितलं. तो मला एवढंच म्हणाला, आल्यावर बोलू. खोलीचंच असणार. पण काल मी फरशीवर पाणी सांडलं, तर सूनबाईनं कपाळाला आठ्या घातल्या आणि फडकं माझ्या अंगावर फेकलं. पाहुण्यांच्या अंगावर कुणी फडकं फेकत नाही, बेबे.

म्हणून दुखण्याचे शब्द आता पुरेत. भांडायचे पाठव. ती दहा वाक्यं टाकते आणि मी नुसती हात हलवत उभी. जहाज लागायच्या आत पाठव, म्हणजे राहिले तर उपयोगी पडतील.

सल्ला मोडला म्हणून लोभ मोडू नकोस.

तुझी अक्का