बोर्डावरचे आठ दाणे

करडी

प्रिय सुगत,

पाकिटावर माझं अक्षर बघून हसशील. एक दिवसाआड फोन होतो आणि ही बाई पत्र काय लिहीत बसली! पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. मधेच "हूं, समजलं" म्हणतोस आणि खरं तर तुला काहीच समजलेलं नसतं. शिवाय ही गोष्ट अशी आहे की सांगताना माझाच आवाज अर्ध्यात बसेल. पौर्णिमेला तू चाकणहून निघायच्या आत हे तुझ्या हाती पडायला हवं, म्हणून उद्या स्वतः मोहाडीला जाऊन स्पीड पोस्टाने टाकणार आहे. आपला बोर्ड, तुझ्या बाबांची, म्हणजे काकाजींची बोटं आणि तू स्वतःवर ओढून घेतलेला दोष, याबद्दल लिहायचं आहे. शेवटपर्यंत वाच आणि मग यायचं की नाही ते ठरव.

आधी घरची खबर, नाहीतर तुझ्या आई, धुरपताकाकू, म्हणतील, पोराले चिठ्ठी लिहली अन् आमचं नावच नाही. धानानंतर बांधीत पेरलेली लाखोळी निघाली. धुरपताकाकूंनी तुझ्या वाट्याची डाळ भरडून डब्यात भरून ठेवली आहे आणि त्या डब्याला कोणालाही हात लावू देत नाहीत. काकाजी बरे आहेत. आता डाव्या हाताने जेवायची सवय झाली, शर्टाची बटणंही एकटेच लावतात, कोणी मदतीला गेलं की "मी का लेकरू हाओ का?" म्हणून फटकारतात. रविवारी विहारात मात्र त्यांच्या बाजूला बसणं मला जड जातं. वंदनेला ते हात जोडतात तेव्हा उजवीकडची तीन बोटं नसल्यामुळे डावा पंजा तेवढा उघडा दिसतो. मी डोळे मिटून घेते. आणि पंचशील म्हणताना चौथं, खोटं न बोलण्याचं शील आलं की माझे ओठ हलतात, आवाज निघत नाही. दोन वर्षं झाली याला. लोकांना वाटतं रत्नमाला फार भक्तिभावाने मनातल्या मनात म्हणते.

तुला आपल्या बोर्डाची पहिली पाटी आठवते? भय्याजींच्या राइस मिलमधला कंपनीचा कंट्रोलर जळाला होता आणि नव्याची किंमत ऐकून भय्याजी खुर्चीत मागे रेलले होते. तू छाती पुढे काढून सांगितलंस की आम्ही बनवतो, आणि सर्किटचा नकाशा इंटरनेटवर फुकट ठेवतो, ज्याला पाहिजे त्याने बनवावा. मी मनात म्हटलं, झालं, हात दाखवून अवलक्षण! मग आमच्या पडवीत तो कारखाना सुरू झाला. चकचकीत कागदावर नकाशाची छपाई, तो कागद तांब्याच्या पाटीवर उलटा ठेवून आईच्या इस्त्रीने दाबायचा, मग पाटी फेरिक क्लोराईडच्या पाण्यात हलवत बसायचं. किती पाट्या वाया गेल्या! आईची इस्त्री कायमची काळी झाली, माझी नखं महिनाभर पिवळी होती आणि शेजारच्या सत्यभामाबाईंनी आईला विचारलं होतं, "पोरीले कावीळ झाली का वो?" तू प्रोग्राम लिहायचास, मी भोकं पाडून एकेक पार्ट सोल्डरचा डाग देऊन बसवायची. डोकं माझं, हात रत्नाचे, असं तू साऱ्या गावाला सांगायचास. ते ऐकून मला राग आल्याचं मी दाखवत असे. राग अजिबात येत नव्हता.

त्या बोर्डाचा एक नियम आपण दोघांनी ठरवला होता. लाईट गेली आणि परत आली, तर कोणीतरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मिलमधलं काहीही फिरणार नाही. मिलवर रोज दहादा लाईट जाते, म्हणून तो नियम. काकाजी तिथले जुने ऑपरेटर. पॅनलसमोर उभं राहून त्यांना सगळं मीच समजावलं होतं आणि वर ऐटीत म्हटलं होतं की काकाजी, आता दरवेळी मेन स्विच पाडायला पळू नका, आपला बोर्ड सांभाळतो. जन्मभर मेन पाडल्याशिवाय मशीनला हात न लावणारा माणूस. माझ्या शब्दावर त्यांनी ती सवय सोडली.

पुढचं तुला ठाऊक आहे. त्या शुक्रवारी लाईट गेली, उसन्या तांदळासाठी वाफवलेला ओला धान तो वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या पट्ट्याच्या बुडाशी तुंबला, काकाजींनी तो काढायला हात घातला आणि लाईट आली. पट्टा एवढासा हलला, वीतभरसुद्धा नाही. तुम्ही सगळे त्यांना भय्याजींच्या पिकअपमध्ये घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलंत. मी मागे राहिले. आणखी कोणाला इजा नको म्हणून बोर्ड काढून घरी नेते, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू भिंग घेऊन तो बोर्ड तपासलास, एकेक डाग पाहिलास, आणि म्हणालास, "रत्ना, तुह्या कामात खोट नाही. प्रोग्रामच चुकला." मग महिनाभर तू तो प्रोग्राम वाचत होतास. चूक सापडली नाही. सापडणार कशी सुगत, त्यात ती नव्हतीच.

लाईट आल्यावर बोर्ड जागा व्हायला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात तुझा प्रोग्राम सुरू झालेला नसतो. त्या अर्ध्या सेकंदात मोटर चालू करणारे रिले आपोआप लागू नयेत म्हणून तू नकाशात आठ बारीक रेझिस्टर काढले होतेस, धानाच्या दाण्याएवढे. मी बोर्ड मिलवर दिला तेव्हा ते माझ्याकडे संपले होते. नागपूरहून पार्सल यायचं होतं, नवा धान मिलवर येऊन पडला होता, भय्याजींचे दिवसातून चार फोन. मी रेझिस्टरशिवायच बोर्ड टेबलावर चालवून पाहिला. चालला. चालू करताना एका रिलेचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला. तो मी पाहिला होता. पाहिला आणि म्हटलं, पार्सल आलं की बसवू, आणि तुला काही बोलले नाही, कारण माझ्या कामात काही राहिलं हे तुला सांगायचं माझ्या जिवावर आलं. पार्सल अपघाताच्या दोन दिवस आधीच आलं होतं. मळणीच्या गडबडीत ते कोनाड्यात पडून राहिलं. रविवारी मिल बंद असते, तेव्हा बसवेन म्हणाले. आणि त्या शुक्रवारी, काकाजींचं रक्त पॅनलच्या दारावर वाळत असताना, मी घरी येऊन ते पार्सल फोडलं आणि आठही रेझिस्टर बसवले. एकही डाग वाकडा पडला नाही. तू भिंगातून पाहिलास तो हा बोर्ड.

सांगेन म्हणत होते. काकाजी घरी आले की सांगू, जखम भरली की सांगू. तेवढ्यात तू लॅपटॉप भावाला देऊन टाकलास आणि चाकणला खोक्यांवर लेबलं चिकटवायच्या नोकरीला लागलास. मी गप्प बसले की पाप माझ्यापुरतं राहील असं वाटायचं, पण ते रोज तू फेडत होतास. मागच्या आठवड्यात आपल्या नकाशाच्या पानावर कोणा अनोळखी माणसाचा प्रश्न आला. त्याने आपला बोर्ड पाण्याच्या पंपासाठी बनवला आहे. विचारतो, हे आठ रेझिस्टर कशाला? यांच्याशिवायही बोर्ड चालतो, मग सोडून दिले तर? चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, माणूस मलाच ओळखून विचारतो आहे. त्याच पानावर वर तुझी ओळ होती, प्रोग्राममधल्या माझ्या चुकीमुळे अपघात झाला, खाली तुझं नाव. तो ती वाचून प्रोग्राम चारदा तपासेल आणि रेझिस्टर सोडून देईल. आणखी कोणाचे तरी काकाजी असतील तिथे.

त्याला लगेच उत्तर लिहिलं. मग तुमच्या घरी गेले. काकाजी सुपात लाखोळी पाखडत बसले होते. मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. धुरपताकाकू पदराने डोळे पुसत आत गेल्या. काकाजींनी सूप खाली ठेवलं, आपल्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "आठ दाण्यायची गोष्ट होती म्हण." मी रडायला लागले, तर म्हणाले, "आता कायले रडून राहिली? माह्या बोटायचं जाऊ दे, बाई. बोटं मशीनीत जातेतच. पोराचे दोन वर्स तुनं नेले, ते त्याले कोन देईन?" त्यांचा आवाजही चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

सुगत, गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालास, पौर्णिमेला काकाजींना घेऊन आमच्या घरी मागणी घालायला येतो. म्हणालास, माझ्या हातून बापाची बोटं गेली, तरी तू मला सोडलं नाहीस, अशी बायको कुठे मिळेल. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन बसले. तुला हो म्हणायला मी चार वर्षं वाट पाहिली होती, पण त्या हो वर मला जगता येणार नाही. पानावरची तुझी ओळ मी काल पुसली. तिथे आता लिहिलं आहे की प्रोग्राम बरोबर होता, आठ रेझिस्टर लावले नव्हते, बोर्ड लावणारी मी, रत्नमाला, करडी. जगाने वाचलं तर वाचो. तुझा जुना लॅपटॉप तुझ्या भावाकडून मागून आणून चार्ज करून ठेवला आहे. तो न्यायला तरी ये. आमच्या घरी नाही आलास तर मी समजेन, आई-बाबांना काय सांगायचं ते मी बघून घेईन. पण प्रोग्राम लिहायला लाग रे. तू आमच्या दारी आलास तरी आणि नाही आलास तरी,

तुझीच,
रत्नमाला